सल्ला हवा: जुन्या ४० एचपी आउटबोर्डचा गिअरबॉक्स खडपाला आपटला. दुरुस्त करू की बदलू?

देवबागकर_१४ (९ जुलै, रात्री ९:४०)

नमस्कार मंडळी. माझी २४ फुटी फायबर होडी आहे. तिच्या मागच्या फळीला टांगलेलं (आउटबोर्ड) यामाहा एंड्युरो ४० एचपी, दोन स्ट्रोक, लाँग शाफ्ट मशीन. २००९ चं मशीन, मी २०१६ ला वापरलेलं घेतलं. मेच्या शेवटच्या आठवड्यात जाळी काढून परत येताना मालवणच्या पद्मगडाच्या अंगाने दांडीकडे वळलो. उधाणाची ओहोटी होती, पाणी नेहमीपेक्षा बरंच खाली गेलं होतं. नेहमीची वाट म्हणून वेग कमी केला नाही आणि मशीनचा पाय, म्हणजे खालचा गिअरबॉक्सचा भाग, खडपावर बसला.

नुकसान असं: खालची फिन तीन इंच तुटली. पंख्याची (प्रॉपेलरची) एक पाकळी वाकली. फिनच्या मुळापासून वर गिअरबॉक्सला बोटाच्या पेराएवढी बारीक तड दिसते. त्या दिवशी किनाऱ्यापर्यंत मशीनने आणलं, पण पुढचा गिअर टाकला की कर्रकर्र आवाज. परवा खालचा बोल्ट सैल केला तर तेल दुधाच्या चहासारखं पांढरट आलं.

डोकं म्हणजे वरचं इंजिन एकदम चांगलं आहे. दोन्ही सिलिंडरला कॉम्प्रेशन सारखं, दुसऱ्या दोरीला सुरू होतं.

बजेट ३० हजार. त्याच्या वर जमणार नाही, जाळ्यांचं कर्ज अजून फिटायचं आहे. ३१ जुलैला मासेमारीची बंदी उठते, १ ऑगस्टला मला पाण्यात उतरायचं आहे. कंपनीचा नवीन अख्खा गिअरबॉक्स विचारला तर ९० हजारांच्या वर सांगितले. तड वेल्ड करून चालेल का? डुप्लिकेट घेऊ का? ज्यांनी केलंय त्यांनी सांगा.

---

मांडवा_बोट (९ जुलै, रात्री १०:०५)

१५-१६ वर्षांच्या दोन स्ट्रोकवर एक पैसाही घालू नका, हे माझं स्पष्ट मत. मी गेल्या वर्षी ११५ एचपी फोर स्ट्रोक घेतलं. आवाज नाही, धूर नाही, पेट्रोल जवळजवळ निम्मं. मांडव्याहून पाहुणे घेऊन निघतो तेव्हा बोटीत बसलेल्याला इंजिन चालू आहे की बंद हे विचारावं लागतं. एकदाच खर्च करा आणि दहा वर्षं निवांत राहा. कर्ज मिळतं.

देवबागकर_१४ (९ जुलै, रात्री १०:२०)

दादा, धन्यवाद. पण बजेट ३० हजार लिहिलं आहे. आणि माझ्या होडीच्या मागच्या फळीला ११५ चं वजन झेपणार नाही.

मांडवा_बोट (९ जुलै, रात्री १०:३१)

मग ४० एचपी फोर स्ट्रोक बघा. पेट्रोलच्या बचतीतच पैसे वसूल होतात, मी हिशेब ठेवला आहे.

---

सर्जेकोट_पात (१० जुलै, सकाळी ६:५०)

रे, वेल्डिंगच्या नादाक लागू नको. माझ्या चुलत्यान दोन वर्सांपूर्वी अशीच तड वरच्या वर वेल्ड करून घेतल्यान. धा दिवस बरा चालला, मगे तेलात परत पाणी. उघडून बघितलो तर आतली सीलां करपलेली. गिअरबॉक्स न खोलता आग लावल्यार रबरां रवतत कशी? तुका माझो सल्लो एकच, पयलो खोल, मगे काय ता ठरव.

---

चापोरा_काठ (१० जुलै, सकाळी ८:१५)

आमच्याकडे चापोऱ्याच्या तोंडावर वाळूचा बार आहे, दरवर्षी कुणाचा ना कुणाचा पाय तिथे मार खातो. त्यामुळे या बाबतीत आम्हाला अनुभव कमी नाही. मी डुप्लिकेट अख्खा गिअरबॉक्स घातला, ४६ हजार पडले. गिअर, शाफ्ट, सील, पाणी पंप, सगळं आत बसवूनच येतं. खालचे बोल्ट काढा, जुना खाली, नवा वर, दोन तासांत काम. दोन सीझन झाले, एक थेंब पाणी नाही. दुरुस्तीत मेस्त्री चार दिवस घेतो आणि शेवटी तेवढेच पैसे होतात.

हर्णै_बंदर (१० जुलै, सकाळी ९:०२)

चापोरा, तुमचं नशीब चांगलं म्हणायचं. मी तीन वर्षांपूर्वी असाच पेटीबंद गिअरबॉक्स घेतला. चार महिन्यांत पुढच्या गिअरचे दात भाकरीच्या कडेसारखे झिजले. दुकानदाराला फोन केला तर म्हणाला तुम्ही तेल घातलं नसेल. मी तेल घालूनच बसवला होता, शेजारी साक्षीला होता. पैसे परत मिळाले नाहीत. ४० हजार गेले आणि ऐन बांगड्याच्या दिवसांत होडी वर बसली. तो राग अजून गेलेला नाही.

चापोरा_काठ (१० जुलै, सकाळी ९:२०)

बसवण्याआधी आतलं तेल बदललं होतं का? पेटीतून येतो तेव्हा कधी कोरडा असतो, कधी नुसतं गंज लागू नये म्हणून लावलेलं तेल असतं.

हर्णै_बंदर (१० जुलै, सकाळी ९:२६)

वर लिहिलं आहे, तेल घालूनच बसवला. ९० नंबरचं गिअर ऑइल.

चापोरा_काठ (१० जुलै, सकाळी ९:४१)

९० नंबर ट्रकच्या गिअरचं की मरीन? मरीनमध्ये थोडं पाणी शिरलं तरी दातांवरचा थर टिकतो. साधं घातलं असेल तर तिथेच चुकलं.

हर्णै_बंदर (१० जुलै, सकाळी ९:५५)

आमच्या बंदरावर निम्मी मशीनं साध्या ९० वर वीस वर्षं चालली आहेत. माल खराब होता, तेलाला दोष देऊ नका.

---

वेंगुर्ला_मेस्त्री (१० जुलै, दुपारी २:३०)

मी ही कामं २२ वर्षं करतो, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पांढरं तेल म्हणजे गिअरबॉक्स मेला असं नाही. पांढरं तेल म्हणजे पाणी शिरलं, एवढंच. पाणी तडीतून येतं की पंख्याच्या शाफ्टच्या सीलमधून येतं ते आधी बघ. बऱ्याचदा सीलच फाटलेलं असतं, कारण शाफ्टला तंगूस (जाळ्याचा नायलॉनचा दोरा) गुंडाळला जातो आणि महिनोन् महिने तो सील कापत असतो. पंखा काढून मागे बघ, तंगूस दिसेलच.

आता आवाजाचं. मशीन पाण्याच्या पिंपात सुरू कर आणि न्यूट्रलला ऐक. न्यूट्रलला पंखा थांबलेला असला तरी आत पिनियन (उभ्या शाफ्टच्या खालच्या टोकाचा छोटा गिअर), पुढचा गिअर आणि मागचा गिअर तिन्ही एकमेकांत अडकून फिरतच असतात. आवाज न्यूट्रललाही येत असेल तर दात किंवा बेअरिंग गेलं. न्यूट्रलला शांत आणि गिअर टाकल्यावरच कर्रकर्र, तर डॉग क्लचच्या (गिअरला शाफ्टशी अडकवणाऱ्या तुकड्याच्या) कडा किंवा वाकलेला पंख्याचा शाफ्ट. हा फरक दहा-पंधरा हजारांचा आहे, म्हणून ऐकल्याशिवाय काहीही विकत घेऊ नको.

शाफ्ट वाकला का ते बघायला मशीन लागत नाही. पंखा काढ, पेन्सिल घट्ट धरून तिचं टोक शाफ्टच्या शेवटाला टेकव आणि शाफ्ट हाताने फिरव. फट कमीजास्त होत असेल तर वाकला. वाकलेला शाफ्ट ठोकून सरळ करायच्या भानगडीत पडू नको. कितीही सरळ केला तरी सील महिनाभरातच जातं.

तेल काढताना भांड्यात काढ आणि बोटात चोळून बघ. बऱ्याच मशीनांत खालच्या बोल्टला चुंबक असतो. त्यावर बारीक राखाडी चिखल असेल तर तो नेहमीचा, काळजी नको. नखाएवढे कपचे असतील तर दात तुटला.

तडीबद्दल. फिन नवीन लावून घेणं सोपं काम आहे, अॅल्युमिनियमचं टिग वेल्डिंग करणारा चांगला माणूस पाहिजे, बस. फिनचा नुसता तुकडा उडाला असेल तर तेलाशी संबंध नाही. पण तड वर चढून जिथे बेअरिंग बसतं त्या गोलापर्यंत गेली असेल तर वेल्डच्या उष्णतेने ते भोक वाकडं होतं. मग नवे गिअर घातलेस तरी ते नीट बसणार नाहीत. असं घर (गिअरबॉक्सचं बाहेरचं कवच) मी घेत नाही, गिऱ्हाइकाला परत पाठवतो.

सर्जेकोट_पात (१० जुलै, दुपारी ३:०५)

ह्याच मी सकाळी सांगितलंय. पयलो खोल.

नवखा_नाखवा (१० जुलै, दुपारी ४:१२)

पद्मगडाजवळची ती जागा खरंच वाईट आहे. पेट्रोलमध्ये तेल किती घालता? ५०:१ बरोबर की जास्त? माझं मशीन धूर फार करतं.

चापोरा_काठ (१० जुलै, दुपारी ४:३०)

५०:१. म्हणजे १० लिटर पेट्रोलला २०० मिली टू-टी (दोन स्ट्रोकचं तेल), आणि ते आउटबोर्डचं टीसी-डब्ल्यू३ असावं.

हर्णै_बंदर (१० जुलै, दुपारी ४:४४)

आमच्याकडे सगळे जास्त घालतात. धूर चालेल, पिस्टन धरलेला चालत नाही.

चापोरा_काठ (१० जुलै, दुपारी ४:५०)

जास्त तेलाने प्लग काळे होतात आणि बाहेर जाण्याच्या वाटेत कोळसा साठतो. जास्त म्हणजे चांगलं असं नसतं. नवं मशीन रुळवताना मात्र २५:१ घालतात.

देवबागकर_१४ (१० जुलै, संध्याकाळी ७:१५)

तेलाच्या मिश्रणावर वेगळा धागा काढा, विनंती. माझ्याकडे तीन आठवडे आहेत.

मेस्त्री, फार मदत झाली. पिंपात चालवून बघितलं. न्यूट्रलला बारीक घरघर आहे, गिअर टाकल्यावर वाढते. पंख्यामागे तंगूस होता, पुष्कळ. आता पूर्ण खोलायचं ठरवलं आहे. पण आतली टोपी, ज्यातून शाफ्ट बाहेर येतो, ती मिठाने धरून बसली आहे. दोन बोल्टांपैकी एकाचं डोकं तुटलं.

वेंगुर्ला_मेस्त्री (१० जुलै, संध्याकाळी ७:४०)

छिन्नी लावून ठोकू नको! टोपीचे कान तुटले की पुलर (ओढून काढायचं हत्यार) धरायला जागाच उरत नाही. गंज सोडवणारं तेल ओत, रात्रभर राहू दे. सकाळी बाहेरच्या घराला गोल फिरवत ऊब दे, टोपीला नाही. अॅल्युमिनियम जरा फुगलं की पुलरने हळूहळू ओढ. घाई केलीस की घर गेलं.

---

उद्यमनगर_लेथ (११ जुलै, सकाळी १०:१०)

मी कोल्हापुरात जॉबवर्क करतो. घर आमच्याकडे पाठवा. टिग वेल्ड करून भोक पुन्हा बोअर करून देतो, स्लीव्ह टाकतो. बोअरवेलच्या पंपांची घरं आम्ही रोज करतो. गिअर तुटला असेल तर नवा कापूनही मिळेल. उद्यमनगरात होत नाही असं कुठलंही काम नाही.

वेंगुर्ला_मेस्त्री (११ जुलै, सकाळी ११:००)

बोअरिंगचं मान्य, तुमच्याकडे हात चांगला आहे. पण हे बेव्हल (शंकूच्या आकाराचे) गिअर आहेत. कापून काम संपत नाही, वरचा थर कठीण करावा लागतो आणि पिनियनशी जोडी जुळवावी लागते. एकट्या नव्या गिअरबरोबर जुना पिनियन चालवलात तर दोन्ही जातात. गिअर मूळ जोडीचेच घ्यावेत.

उद्यमनगर_लेथ (११ जुलै, सकाळी ११:२५)

केस हार्डनिंग आम्हाला शिकवू नका, ट्रॅक्टरच्या डिफरन्शियलचे गिअर आमच्याकडेच होतात. नमुना पाठवा, मग बोलू.

वेंगुर्ला_मेस्त्री (११ जुलै, सकाळी ११:४०)

ट्रॅक्टर बंद पडला तर शेतात उभा राहतो. होडी बंद पडली तर वारा तिला खडपावर नेतो. म्हणून मी धोका घेत नाही.

---

शारजा_मालवणी (११ जुलै, दुपारी १:३०)

मी कट्ट्याचा, इकडे शारजाला १८ वर्षं. इथे वापरलेल्या पार्टांचा बाजार फार मोठा आहे, ४० एचपीचे पाय ढिगाने पडलेले असतात. मी गणपतीला येतो तेव्हा आणू शकतो. एकदा भावासाठी आणला होता, पूर्ण धुऊन, वाळवून. तेलाचा डाग जरी दिसला तरी विमानतळावर बॅग बाजूला काढतात. भावाचं मशीन आजही धावतं, वाड्यात सगळ्यांना माहीत आहे.

देवबागकर_१४ (११ जुलै, दुपारी २:००)

दादा, मनापासून आभार. पण गणपतीपर्यंत थांबलो तर ऑगस्ट गेला. ऑगस्टमध्येच खरी कमाई.

हर्णै_बंदर (११ जुलै, दुपारी २:२०)

बाहेरून येणाऱ्या मालाला कस्टम लागतं हे विसरू नका. आणि वापरलेला पाय घेताना खालचा बोल्ट उघडून दाखवायला सांगा. दाखवत नसेल तर सोडून द्या.

मिशिगनचा_मराठी (११ जुलै, संध्याकाळी ६:१०)

इकडे मिशिगनमध्ये माझ्याकडे ऐंशीच्या दशकातलं जॉन्सन ९.९ आहे, तळ्यात मासेमारीसाठी. २०२० मध्ये एव्हिनरूडचं उत्पादन बंद झालं तेव्हा पार्ट मिळणार नाहीत म्हणून सगळे घाबरले होते, पण जुने पार्ट अजून मिळतात. छोट्या मशीनला पंख्याजवळ शिअर पिन असते, खडकाला आपटलं की पिन तुटते आणि गिअर वाचतो. तुमच्या ४० ला रबरी हब असेल, तो घसरून थोडा मार झेलतो, पण फिन आपटली तर त्याचा उपयोग नाही. फिनवर बसणारं स्टेनलेसचं आवरण मिळतं, बोल्टने बसवायचं, वेल्डिंगची गरज नाही. मी तेच घातलं आहे.

चापोरा_काठ (११ जुलै, संध्याकाळी ६:४५)

तुमचं तळं गोड्या पाण्याचं. इथे खाऱ्या पाण्यात स्टेनलेस आणि अॅल्युमिनियम एकमेकांना टेकले की अॅल्युमिनियम खाल्लं जातं. मी एकाच्या फिनवर ते आवरण बघितलं, वर्षभरात खालून पांढरा भुगा.

मिशिगनचा_मराठी (११ जुलै, संध्याकाळी ७:३०)

मधे सीलंट भरलं आणि झिंकचा अॅनोड (आधी स्वतः झिजून अॅल्युमिनियम वाचवणारा तुकडा) चांगला असेल तर इतकं होणार नाही. अॅनोड कधी बदलला होता?

देवबागकर_१४ (११ जुलै, रात्री ८:००)

खरं सांगायचं तर मी घेतल्यापासून बदललेला नाही. आज बघितला, अर्धाच उरला आहे.

---

आचरा_रापण (१२ जुलै, सकाळी ७:२०)

मी एरवी फक्त वाचते, पण हे आमच्या घरातलंच वाटलं म्हणून लिहिते. बाबांच्या मशीनचं २०१९ ला असंच झालं होतं. त्यांनी आधी वेल्ड, मग डुप्लिकेट गिअर, मग परत सील असं करत सहा महिन्यांत ५५ हजार घातले. तुकड्या-तुकड्याने पैसे जातात ते कळत नाहीत.

आमच्या शेजारी एक एंड्युरो ४० पडून आहे. त्याचं डोकं धरलं आहे, पिस्टन फिरतच नाही. तेल न घालता पेट्रोल भरलं गेलं होतं. पाय मात्र कधी आपटलेला नाही. पण ते शॉर्ट शाफ्ट आहे, १५ इंची. तुमचं लाँग म्हणजे २० इंची असेल. उपयोग होणार असेल तर विचारते. २५ हजार म्हणतात.

मांडवा_बोट (१२ जुलै, सकाळी ९:००)

बंद पडलेलं मशीन घेऊन अंगणात ठेवायचं? दोन जुनी मशीनं म्हणजे दोन डोकेदुख्या. मी पुन्हा सांगतो, नवीन घ्या.

चापोरा_काठ (१२ जुलै, सकाळी ९:१५)

शॉर्ट असेल तर लांबी जुळणार नाही, विषय संपला. डुप्लिकेट लाँग घ्या.

सर्जेकोट_पात (१२ जुलै, सकाळी ९:३०)

बंद मशीन किती वर्सां पडून आसा? पडून रवलेल्या गिअरबॉक्सात बेअरिंगां गंजतत. माझ्या मते नको.

हर्णै_बंदर (१२ जुलै, सकाळी १०:०५)

मी तर म्हणतो, केरळात विचारा. तिथल्या किनाऱ्यावर आउटबोर्ड इतके आहेत की वापरलेले पाय मिळणं कठीण नाही. फक्त तिकडची बरीच मशीनं रॉकेलवरची असतात, मॉडेल नीट बघा.

वेंगुर्ला_मेस्त्री (१२ जुलै, दुपारी १२:४५)

मॉडेल बघायचं कसं ते सांगतो, कारण इथेच सगळे फसतात. ४० एचपी लिहिलेलं प्रत्येक यामाहा एक नसतं. होडीच्या फळीला मशीन ज्या क्लॅम्पने धरलेलं असतं त्यावर डाव्या अंगाला पट्टी असते, तिच्यावरून मॉडेल कळतं. ई४०एक्स असेल तर पार्ट नंबर ६६टी ने सुरू होतात. आधीच्या ४० चे ६एफ५, ६एफ६ असे. दोघांचे पाय एकमेकांना बसत नाहीत.

शॉर्ट-लाँगचं म्हणाल तर गिअरबॉक्सचं घर आणि गिअर तेच असतात. फरक उभ्या ड्राइव्ह शाफ्टच्या आणि शिफ्ट रॉडच्या लांबीत. तुझा लाँगचा ड्राइव्ह शाफ्ट सरळ असेल तर तो त्या घरात बसवता येतो. पिनियनचा नट सोडवून शाफ्ट बदलावा लागतो. त्या घरातल्या पातळ शिम (फट जुळवायच्या चकत्या) त्याच घरात राहू द्यायच्या, मिसळायच्या नाहीत. मिसळल्या तर दातांमधली फट बिघडते. काम किचकट आहे. माझा कल अजून तुझंच घर तपासून गिअरची जोडी घालण्याकडे आहे. पडून असलेल्या मशीनवर मीही पैसे लावले नसते.

---

देवबागकर_१४ (१५ जुलै, रात्री १०:३०)

चार दिवस लागले, पण टोपी निघाली. मेस्त्री, तुमच्या ऊब देण्याच्या युक्तीने निघाली, कान शाबूत.

आतली स्थिती: तड बेअरिंगच्या गोलात शिरली आहे, नख अडकतं. पुढच्या गिअरचे दोन दात कपचले आहेत, पिनियनवर त्याचीच खूण. पंख्याचा शाफ्ट वाकला आहे, पेन्सिलने स्पष्ट दिसलं. ड्राइव्ह शाफ्ट सरळ आहे, काचेच्या टेबलावर लोळवून बघितला.

म्हणजे घर, गिअर, शाफ्ट, सगळंच. मेस्त्रींच्या हिशेबाने फक्त गिअर जोडी आणि शाफ्ट मूळचे घेतले तरी ३० च्या वर जातं, आणि तडकलेलं घर तसंच राहतं.

मी काल आचऱ्याला जाऊन आलो. मशीन पाच वर्षं पडून आहे, पण खोपीत, उभं टांगलेलं. पट्टीवर ई४०एक्सच. खालचा बोल्ट उघडला तर तेल काळं पण स्वच्छ, पाण्याचा थेंब नाही. न्यूट्रलला पंखा फिरवला, फिरताना कुठे अडकत नाही. २२ हजारांत दिलं. घेऊन आलो.

सगळ्यांनी नको सांगितलं हे मला माहीत आहे. पण डोळ्यांनी बघितलेला माल मला पेटीतल्या मालापेक्षा खात्रीचा वाटला.

मांडवा_बोट (१५ जुलै, रात्री १०:५०)

घाई केलीत. माझं मत मी सांगितलं होतं.

सर्जेकोट_पात (१६ जुलै, सकाळी ६:३०)

घेतलंस तर घेतलंस. आता सीलां नवी घाल, जुनी ठेवू नको. पाच वर्सां सुकलेलो रबर तो.

वेंगुर्ला_मेस्त्री (१६ जुलै, सकाळी ८:१०)

घेतलं आहेस तर नीट बसव. सगळी सील आणि ओ-रिंग नवीन. पाणी पंपाचा रबरी पंखा नवीन, पाच वर्षांत त्याच्या पात्या वाकून तशाच राहिल्या असतील. बंद केल्यावर सायकलच्या पंपाने १० पीएसआय हवा भर, साबणाचं पाणी लाव, दहा मिनिटं काटा हलता कामा नये. मग तेल. तेल खालच्या भोकातून भर, वरच्या भोकातून बाहेर येईपर्यंत. वरून ओतलंस तर हवा अडकते आणि अर्धाच भरतो. बोल्टांच्या वॉशर नवीन.

आणि एक, पुष्कळ जण इथे चुकतात. ड्राइव्ह शाफ्टच्या वरच्या दात्यांना ग्रीस लाव, पण शाफ्टच्या सपाट डोक्यावर लावू नको. तिथे ग्रीस कोंडलं की शाफ्ट पूर्ण वर जात नाही आणि बोल्ट आवळल्यावर क्रँकवर दाब येतो.

मला शनिवारी वेळ आहे. पिनियनचं काम मी करून देतो, घेऊन ये.

---

देवबागकर_१४ (५ ऑगस्ट, दुपारी ४:००)

उशिरा लिहितो, क्षमा. १ ऑगस्टला समुद्र खवळलेला होता, ३ तारखेला पहिल्यांदा गेलो. मेस्त्रींनी शाफ्ट बदलून दिला, शिम जागच्या जागी. हवा भरून बघितली तेव्हा पहिल्यांदा शिफ्ट रॉडच्या सीलमधून बुडबुडे आले. ते सील पुन्हा घातलं, मग काटा हलला नाही.

एकूण खर्च: मशीन २२ हजार, सील, पाणी पंपाचं किट आणि नवा अॅनोड मिळून ४,७००, तेल ६००, मजुरी २,०००. त्यांनी कमी घेतले, मी आग्रह केला तरी. एकूण २९,३००. पंख्याची वाकलेली पाकळी ठोकून न घेता बंद मशीनचाच पंखा घातला.

आठ तास चालवल्यावर तेल काढून बघितलं. स्वच्छ आहे. पुढचा गिअर टाकला की एकच टक् असा आवाज, पूर्वीसारखा. पाण्याची धार जोरात आहे.

पद्मगडाच्या आतून आता ओहोटीला जात नाही, बाहेरून वळसा घालतो. दहा मिनिटं जास्त लागतात.

आचरा_रापण (५ ऑगस्ट, संध्याकाळी ६:१५)

वाचून बरं वाटलं. शेजारच्या काकांना सांगितलं, त्यांनाही आनंद झाला. त्यांना ते मशीन भंगारात द्यायचं नव्हतं.

हर्णै_बंदर (५ ऑगस्ट, रात्री ८:३०)

२५ तासांनी पुन्हा एकदा तेल बघा. माझा चार महिन्यांनी गेला होता.

चापोरा_काठ (५ ऑगस्ट, रात्री ९:००)

अभिनंदन. त्या बंद मशीनचा कार्बोरेटर आणि स्टार्टरची दोरीची चकरी आहे का? माझी चकरी फुटली आहे. किंमत सांगा, पणजीहून कुणीतरी येतं-जातं.

देवबागकर_१४ (५ ऑगस्ट, रात्री ९:२५)

चकरी आहे, स्प्रिंगसकट, चांगली आहे. घेऊन जा. कार्बोरेटर मात्र माझ्यासाठी ठेवला आहे.